मोत्याचे थांबे

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी पंधराएक किलोमीटरवर होटगी जंक्शनात शिरते. येथे लोहमार्गाचे दोन फाटे होतात. एक वाडी, रायचूर करीत चेन्नईकडे जातो. दुसरा विजयपूरवरून गदगकडे वळतो. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातले, पण बोली दोन. बाजारात मराठी बोलणारा माणूस घराचा उंबरठा ओलांडला की कानडी बोलू लागतो आणि माझ्या दवाखान्यात तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. होटगीचा मठ आणि होटगीचा तलाव या दोन गोष्टींसाठी बाहेरची माणसे इकडे येतात. हिवाळ्यात तलावावर पक्षी उतरले की दुर्बिणी घेतलेले पक्षिमित्रही दिसतात. उन्हाळ्यात मात्र येथे मुद्दाम कोणी येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, काळी जमीन भेगाळते आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. अशा या गावातील उन्हाळ्याच्या फुलांविषयी मी लिहिणार आहे, याचे माझ्या जुन्या रुग्णांना हसू येईल. कारण पन्नाशी उलटेपर्यंत मी ती कधी पाहिलीच नव्हती.

ती मला दाखवली मोत्याने. मोत्या हा आमचा गावठी कुत्रा. माझे वडील, अप्पा, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात त्यांनी ते भिजलेले पिल्लू सदऱ्याच्या खिशातून घरी आणले. पुढची दहा वर्षे रोज पहाटे साडेपाचला दोघे फिरायला जात. दोन वर्षांपूर्वी अप्पा गेले. तेराव्यानंतरच्या पहाटे मोत्या दाराशी साखळी तोंडात धरून उभा होता. मी वीस-पंचवीस वर्षे प्रत्येक मधुमेह्याला आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ‘रोज अर्धा तास चाला’ असे लिहून देत आलो, पण स्वतः दवाखान्याच्या पायऱ्यांपलीकडे चाललो नव्हतो. त्या दिवशी साखळी हातात घेतली ती कर्तव्य म्हणून.

चार दिवसांतच माझ्या लक्षात आले की, मोत्याला मी फिरवीत नसून तोच मला फिरवीत होता. त्याचा मार्ग ठरलेला होता आणि त्यावरचे थांबेही. पॅसेंजर गाडी जशी प्रत्येक स्थानकावर थांबते, तसा तो सात ठिकाणी थांबे, मागे वळून पाही, दोन-तीन मिनिटे बसून राही आणि मग आपणहून उठे. ओढले तरी हलत नसे. मला दवाखाना उघडायची घाई असे. पण कुत्र्याशी वाद घालण्यापेक्षा थांबलेले बरे, असे म्हणून मी थांबू लागलो आणि थांबलो म्हणून पाहू लागलो.

काही महिन्यांनी या फेरीत आई सामील झाली. आम्ही तिला ‘अव्वा’ म्हणतो. तिचे माहेर इंडी तालुक्यातले, घर कानडी. लग्नानंतर ती येथे आली आणि पंचावन्न वर्षे उत्तम मराठी बोलली. आता तिला स्मृतिभ्रंश आहे. अलीकडे शिकलेले आधी पुसले जाते आणि लहानपणीचे मागाहून, हा या आजाराचा नेहमीचा क्रम. दोन भाषा बोलणारी माणसे त्यात अनेकदा मायबोलीकडे परत जातात. अव्वाचे मराठी हळूहळू ओसरू लागले. मला ती ‘तम्मा’ म्हणते. कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, पण लहान मुलालाही लाडाने तसेच हाक मारतात. ती मला मुलगा समजते की तिचा दिवंगत भाऊ, हे विचारणे मी सोडून दिले आहे.

मोत्याचा पहिला थांबा म्हणजे रेल्वेच्या जुन्या चाळीसमोरील कडुनिंब. गुढीपाडव्याच्या सुमारास हे झाड पांढुरक्या तुऱ्यांनी भरते आणि पहाटेच्या गारव्यात त्याचा मधासारखा मंद गंध चाळीच्या टोकापर्यंत येतो. आपण पाडव्याला निंबाचा कोवळा पाला, फुले आणि गूळ खातो. कानडी घरांत त्यालाच ‘बेवू-बेल्ला’ म्हणतात. पहिल्या दिवशी अव्वाने झाडाखाली पडलेली फुले ओंजळीत घेतली, हुंगली आणि स्पष्ट म्हणाली, ‘बेविन गिडा.’ त्या आठवड्यात तिला नातवाचे नाव आठवत नव्हते. हे पाहून मला आश्चर्य वाटले, तरी शास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच अनपेक्षित नव्हते. गंधाचा संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेला असतो. याची दुसरी बाजूही वाचकांनी ध्यानात ठेवावी. वास कळेनासा होणे ही वृद्धापकाळात पुष्कळदा साधी गोष्ट असते, पण कधी कधी ती कंपवाताची किंवा स्मृतिभ्रंशाची फार लवकरची खूण असते. घरातील वृद्धांना फोडणी करपल्याचा किंवा गॅस गळत असल्याचा वास येत नसेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

दुसरा थांबा स्टेशनच्या रस्त्यावरचा गुलमोहर. मेच्या पहिल्या आठवड्यात पाने जवळजवळ नसतात आणि झाड नुसते लाल असते. तो मूळचा मादागास्करचा, हे सांगितले तर गावात कोणी विश्वास ठेवीत नाही, इतका तो आपला झाला आहे. साताऱ्यात तर १ मे हा दिवस त्याच्या नावाने साजरा होतो. फूल हातात घेऊन पाहिले तर पाच पाकळ्यांपैकी चार लाल आणि एक मोठी, पांढरट-पिवळी, लाल ठिपक्यांची. लहानपणी आम्ही त्याचे पुंकेसर एकमेकांत अडकवून झुंज लावीत असू. अव्वाच्या हातात मी एक पुंकेसर दिला तेव्हा तिने तो माझ्या पुंकेसरात बरोबर अडकवला आणि ओढला. ती जिंकली. आता ही झुंज रोज होते.

तिसरा थांबा निवृत्त मास्तरांचे फाटक. फाटकावर गडद गुलाबी बोगनवेल. ज्याला आपण तिचे फूल समजतो ती खरे तर रंगीत पाने. फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली ती इवलीशी पांढरी नळी. खाली विटांच्या आळ्यात सदाफुली, सांडपाण्यावर वाढलेली. एके दिवशी मास्तर तिची पाने खुडून चावताना दिसले. ‘साखर उतरते म्हणतात,’ ते म्हणाले. त्यांचा हा समज फार जुना आहे आणि तो पडताळून पाहण्यातूनच वैद्यकातला एक मोठा शोध लागला. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठी तपासला. रक्तातील साखर काही कमी झाली नाही. पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. या वनस्पतीतून मिळालेली विनब्लास्टीन आणि विनक्रिस्टीन ही औषधे आज रक्ताच्या आणि इतर काही कर्करोगांवर वापरतात. म्हणजे ज्या पानात पेशी मारणारी द्रव्ये आहेत, ते पान आपले मास्तर रोज अनशापोटी चावत होते. मी हे समजावले तेव्हा ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, ‘तर मग नुसती बघायला ठेवतो.’ आता सदाफुली बघण्यासाठी आहे आणि साखरेसाठी गोळी आहे.

चौथ्या थांब्यावर कण्हेरीचे कुंपण लागते आणि त्याच्या टोकाला बिट्टीचे झाड, म्हणजे पिवळी कण्हेर. आमच्या कोरड्या भागात कमी पाण्यावर, भर उन्हात फुलणारी ही दोन झाडे. गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला सोयीची. फुले देवाला चालतात, म्हणून प्रत्येक अंगणात. अव्वा त्यांना ‘कणगिली’ म्हणते. गुरे तोंड का लावत नाहीत, याचा विचार मात्र आपण करीत नाही. या दोन्ही झाडांच्या सर्व भागांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. बिट्टीच्या बिया तर विशेष घातक. वयस्कर हृदयरोग्यांना दिले जाणारे डिगॉक्सिन हे औषध याच जातीच्या द्रव्यांपैकी आहे. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या उपयोगावर पुस्तक लिहिले, तेथून त्या औषधाची कहाणी सुरू होते. मात्रा मोजली तर औषध, न मोजली तर विष. घरात रांगते मूल असेल किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर ही झाडे हाताशी नसावीत. अव्वा हातातली वस्तू तोंडात घालू लागल्यापासून मी या थांब्यावर तिचा हात अधिक घट्ट धरतो. कोणी चुकून बी खाल्ले तर घरगुती उपाय करीत बसू नये. बी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

पाचव्या थांब्यावर एका शिंपीणबाईंचे अंगण आहे. पत्र्याच्या डब्यांत जास्वंद, कुंपणावर निळे गोकर्ण. गेल्या वर्षी अव्वाच्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत ती या कुंपणापाशी थबकली ती हलेना. मोतीबिंदूने डोळ्यातील भिंग पिवळट-तपकिरी होत जाते आणि निळा-जांभळा रंग आधी मंदावतो. हे इतके सावकाश घडते की, माणसाला आपले काही हरवले आहे हे कळतही नाही. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ मध्ये ही शस्त्रक्रिया झाली. आधीच्या वर्षांतील त्यांच्या बागेची चित्रे तांबूस-तपकिरी दिसतात. अव्वाला मोने ठाऊक नाहीत. तिने गोकर्णाचे फूल डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ नेले. ‘आता वय झाले, शस्त्रक्रिया करून काय पाहायचे आहे?’ असे म्हणणाऱ्या घरांना मी हे दृश्य सांगत असतो.

सहावा थांबा काकूंचा मोगरा. काकू सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, मुलगा पुण्यात. त्यांच्या दाराशी मोगऱ्याची तीन जुनी झुडपे. काकू दर माघात पाने ओरबाडून, छाटणी करून, शेणखत घालून त्यांना तयार करीत आणि चैत्र लागला की सगळ्या गल्लीला गजरे मिळत. अव्वाचा हा सर्वांत आवडता थांबा. ‘मल्लिगी,’ ती दुरूनच म्हणे.

यंदा एप्रिलमध्ये अव्वाने विचारले, ‘मल्लिगी एल्लि?’ मोगरा कुठे आहे? मी पाहिले तर झुडपे होती, पण छाटणी झालेली नव्हती. पाने वाळून खाली पडली होती आणि आळे कोरडे ठणठणीत. अंगण झाडलेले, दारात रांगोळी, मग मोगराच का सुकला? एरवी मी पुढे गेलो असतो. पण मोत्या बसला होता आणि दवाखान्यात मी एवढे शिकलो आहे की, नेमाने चालणारी गोष्ट एकाएकी बंद पडली तर कारण शोधावे. मी कडी वाजवली.

काकू आत होत्या. ‘काय रे बाबा, एवढ्या सकाळी?’ म्हणत हसल्या. पण दंडावर ब्लाऊज सैल झाला होता. बोलता बोलता उलगडले. गुडघे इतके दुखत होते की, नळावरून बादली उचलून अंगणात आणणे होत नव्हते. कोणाला सांगायचे म्हणून सांगितले नाही. ‘माणसालाच पाणी मिळत नाही, झाडाला कुठून?’ असे स्वतःला समजावले. मग रात्रीचा स्वयंपाकही बंद झाला होता. एकटीसाठी काय करायचे, म्हणून चहा-बिस्किटावर निभत होते. तपासणीत वजन घटलेले, हिमोग्लोबिन कमी, आणि जगण्यावरून मन उडाल्याची जी लक्षणे मी पुस्तकात वाचली होती, तीही बरीचशी. झाडणे आणि रांगोळी हे लोकांना दिसते, म्हणून त्यांनी कसेबसे चालू ठेवले होते. मोगरा स्वतःच्या आनंदासाठी होता, तो आधी सुटला.

उपाय फार मोठे नव्हते. गुडघ्यांवर उपचार, लोहाच्या गोळ्या, मुलाशी मोकळे बोलणे. बादलीऐवजी नळाला जोडलेली रबरी नळी. शेजारच्या मुलीबरोबर रात्रीचे जेवण, त्या बदल्यात तिचा अभ्यास. वृद्ध शेजाऱ्यांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावे: बंद पडलेली पूजा, वाळलेली तुळस, न काढलेले वर्तमानपत्र, या गोष्टी आजाराआधी बोलतात. अशा वेळी मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आता सातवा थांबा. काकूंच्या घरापासून थोडे पुढे ओढ्यावर एक मोरी आहे, तिला दगडी कठडा. तेथे बाग नाही, फूल नाही. कठड्याच्या फटीत रुई उगवलेली आणि सभोवार गाजरगवत, ज्याने आमच्या भागात कितीतरी जणांना दमा आणि अंगावरची खाज दिली आहे. पाहण्यासारखे काही नसताना मोत्या येथे सर्वांत जास्त वेळ बसतो. दोन वर्षे मला याचा उलगडा झाला नव्हता. मेमध्ये मी काकूंना सहज म्हणालो, ‘अप्पांनी त्याला फुलांपाशी थांबायची सवय लावली हे कळते. पण त्या मोरीवर काय आहे?’

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अरे, तुझे अप्पा फुलं बघायला थांबत होते असं वाटतं होय तुला? दम लागायचा त्यांना. छातीवर हात ठेवून उभे राहायचे. कुणी आलं की म्हणायचे, फुलं काय सुंदर आलीत हो. त्या मोरीवर तर बसायचेच. मी म्हटलं, पोरगा डॉक्टर आहे, त्याला सांगा. तर म्हणाले, त्याला सांगू नका, उगीच धावपळ करील.’

मी घरी आलो तो काही न बोलता. दुसऱ्या दिवशी मी पावले मोजली. चाळीच्या निंबापासून मोरीपर्यंत रस्ता हलका चढाचा आहे. सातही थांबे त्या चढावर. दीडशे ते दोनशे पावलांवर एक, आणि चढ जेथे वाढतो तेथे अंतर कमी. मोरीनंतर रस्ता उतरतो, घरापर्यंत. त्या वाटेवर एक सुरेख बहावा आहे, मेमध्ये पिवळ्याधमक झुंबरांनी लगडलेला, आणि तेथे मोत्या कधीही थांबत नाही. फुलांसाठी थांबणारा माणूस बहाव्यापाशी थांबल्याशिवाय राहिला नसता.

चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छातीत दाटून येणे आणि उभे राहिले की ते निवळणे: हृदयाला रक्त कमी पडण्याचे हे वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७७२ मध्ये छापले. अडीचशे वर्षे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी ते शिकत आला आहे. मीही शिकलो होतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबले की राहतात. जर्मन लोक या विकाराला ‘दुकानाच्या काचेचा आजार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण रुग्ण दुकानातील वस्तू पाहण्याच्या बहाण्याने थांबतो. आमच्या होटगीत दुकानांच्या काचा नाहीत. अप्पांनी फुले निवडली. ते रोज माझ्यासमोर फिरून येत, घाम पुसत, आणि मी विचारी, ‘किती चाललात?’ ते सांगत, ‘पूर्ण फेरी.’ ते खरेच होते. किती वेळा थांबलात, हे मी कधी विचारले नाही. एका पहाटे फिरायला निघण्याआधीच ते कोसळले आणि सोलापूरला पोचेपर्यंत सारे संपले होते.

आधी कळले असते तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. एवढ्या खात्रीने बोलण्याचा डॉक्टरला अधिकार नसतो. पण तपासणी झाली असती, औषधे सुरू झाली असती, त्यांना एक संधी मिळाली असती. म्हणून आता दवाखान्यात माझा प्रश्न बदलला आहे. मी वृद्धांना ‘चालता का?’ असे विचारीत नाही. ‘चालताना कुठे कुठे थांबता? मागच्या वर्षी तिथे थांबत होता का?’ असे विचारतो. सोबत आलेल्या मुलांना, सुनांना विचारतो: अलीकडे फेरी छोटी झाली आहे का? चढाचा रस्ता टाळतात का? बोलता बोलता मध्येच गप्प होतात का? मधुमेह असलेल्यांत आणि स्त्रियांत छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम, विलक्षण थकवा, जबड्यात किंवा पाठीत अवघडल्यासारखे होणे, एवढेच असू शकते. अशी नवी लक्षणे दिसली तर रागावू नये, ‘लपवलेत का?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नये; शांतपणे डॉक्टरांकडे न्यावे. आणि विश्रांती घेऊनही छातीतील दाब दहा-पंधरा मिनिटांत निवळला नाही, तर घरी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

उन्हाळ्यात फिरणाऱ्यांसाठी आणखी थोडे. सोलापूरच्या मेमध्ये फेरी सूर्य वर येण्याआधी आटोपावी. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता निघण्यापूर्वी पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात त्यांचा फेरविचार करवून घ्यावा. चपलेपेक्षा बूट बरे. कुत्र्याची साखळी मनगटाला गुंडाळू नये. त्याने अचानक झेप घेतली की खुबा मोडायला एक क्षण पुरतो. वृद्ध माणूस सोबत असेल तर साखळी दुसऱ्याच्या हातात आणि विरुद्ध बाजूला असावी. मुक्या सोबत्याचाही विचार करावा. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याचेही पंजे भाजतात. त्याला पाणी आणि दरवर्षी रेबीजची लस चुकवू नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या पदराला किंवा खिशाला घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचलेली असावी, आणि त्यांची फेरी रोज एकाच वेळी, एकाच वाटेने असावी. त्यांना नवे काही दाखवण्यापेक्षा ओळखीचे पुन्हा भेटवणे अधिक मानवते.

मेच्या अखेरीस वळवाचे दोन पाऊस झाले. काकूंच्या मोगऱ्याने उशिरा का होईना, पण कळ्या धरल्या. रबरी नळीचे पाणी पिऊन एका झुडपावर नवे फुटवे आले. त्या पहाटे काकू ओंजळभर अर्धोन्मीलित कळ्या घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांनी त्या अव्वाच्या हातात ओतल्या. अव्वाने नाव घेतले नाही; ती बराच वेळ हुंगत राहिली, मग त्यांतली एक कळी तिने मोत्याच्या पट्ट्यात खोचली आणि एक माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकली.

पुढे मोरी आली. मोत्या बसला. पूर्वी मी येथे घड्याळ पाहत उभा राहत असे. आता आम्ही तिघेही बसतो. मी अव्वाचे मनगट हातात घेतो. तिला वाटते मी नुसता हात धरला आहे. मी नाडी मोजतो, श्वास पाहतो. विजयपूरकडे जाणारी गाडी कुठेतरी शिट्टी देते. नाडी बहात्तर भरली, दम नव्हता. ‘तम्मा, चल,’ अव्वा म्हणाली, यावेळी मराठीत. मोत्या आधीच उठला होता.